केस वाळवायला किती पैसे लागतात?

पावसाळ्यात सकाळी पावणेसात-सातच्या सुमारास बोरिवली स्थानकावर उभे राहिले, तर बायकांच्या डब्यासमोरच्या गर्दीत ओले केस मोकळे सोडलेल्या कितीतरी जणी दिसतात. डबे भरायचे, पाणी भरायचे, मुलांना उठवायचे आणि त्यात न्हायचेही, एवढे सगळे उरकून निघायचे. मग केस गाडीच्या वाऱ्यावर वाळतील असा भरवसा धरायचा. अंधेरी येते, दादर येते, केस जवळजवळ आहेत तसेच असतात. जुलैत तो वाराही ओलाच असतो.

अशाच एका शिक्षिकेने आम्हांला एक प्रश्न विचारला. बाई बोरिवलीत राहतात आणि अंधेरीच्या शाळेत शिकवतात. त्यांच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीने घाटकोपरच्या एका मॉलमध्ये हेअर ड्रायर पाहिला. किंमत तीस हजारांच्या वर, पण बारा हप्त्यांत देण्याची सोय. कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात नऊशे-हजार रुपयांतही ड्रायर मिळतो. ‘‘किमतीत तीसपटींहून जास्त फरक आहे. तो तीसपट लवकर केस वाळवतो का? नसेल, तर पैसे कशाचे?’’ प्रश्न सरळ आहे आणि उत्तरासाठी लागणारे जवळजवळ सगळे विज्ञान नववी-दहावीच्या पुस्तकात आहे. म्हणून तो वर्गात नेण्यासारखा वाटला.

आधी ड्रायरच्या पोटात काय असते ते पाहू. शाळेत कोणाकडून तरी बंद पडलेला जुना ड्रायर मिळतोच. प्लगची वायर कापून टाकून तो मुलांसमोर उघडावा. मागे जाळी, तिच्यामागे लहानसा पंखा आणि मोटर, पुढे अभ्रकाच्या पट्ट्यांवर गुंडाळलेली निक्रोमची तार. बहुतेक स्वस्त ड्रायरमध्ये एक डायोडही सापडतो. ‘कमी उष्ण’ या खुणेवर बटण नेले की वीज या डायोडमधून जाते, प्रत्यावर्ती प्रवाहाचा अर्धाच भाग तारेला मिळतो आणि तार कमी तापते. डायोड पुस्तकात भेटतो तेव्हा फार कोरडा वाटतो. इथे तो चार-दोन रुपयांत एका उष्णतेच्या दोन उष्णता करून देतो. तारेजवळ एक द्विधातू पट्टी असते. हवा फार तापली की ती वाकते आणि प्रवाह तोडते. बहुधा एक औष्णिक फ्यूजही असतो. ही पट्टी आणि हा फ्यूज यांच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आता मुख्य हिशेब. केसांवर पाणी आहे, त्याची वाफ करायची आहे. एक ग्रॅम पाण्याची नेहमीच्या तापमानाला वाफ होण्यासाठी सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते. हा बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा. तो कोणत्याही कंपनीच्या सवलतीने कमी होत नाही. लांब, दाट केस टॉवेलने पुसल्यावरही त्यांत समजा १०० ग्रॅम पाणी उरले. ते घालवायला २,४०,००० ज्यूल हवेत. १००० वॅटचा ड्रायर सेकंदाला १००० ज्यूल देतो, म्हणजे एक ज्यूलही वाया न जाता ४ मिनिटे. पण गरम हवेचा बराचसा भाग केसांना चाटून तसाच खोलीत जातो. निम्मीच उष्णता कामी आली असे धरले, तर ८ मिनिटे.

महागड्या ड्रायरची शक्ती किती? सगळ्यांत गाजलेला, डायसन कंपनीचा २०१६ साली बाजारात आलेला ड्रायर १६०० वॅटचा आहे. त्याच हिशेबाने त्याला ५ मिनिटे लागतील. फरक तीन मिनिटांचा. आणि तो फरक वॅटचा आहे, किमतीचा नव्हे. १६०० वॅटचा ड्रायर दोन-अडीच हजारांतही मिळतो. वेळ दीडपट-पावणेदोनपट कमी होईल, तीसपट होणे शक्यच नाही. तसे व्हायला तीस हजार वॅट लागतील, आणि मग केस वाळवायचा प्रश्नच उरणार नाही.

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारेल, मग गरम न करता नुसत्या पंख्याखाली केस का वाळवू नयेत? मे महिन्यात किंवा डिसेंबरात जरूर वाळवावेत. जुलैत मात्र गणित वेगळे होते. उपनगराचे हवामान मोजणारी वेधशाळा सांताक्रूझला आहे. २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला तो तिथेच. त्या वेधशाळेच्या परिसरात भर पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या आसपास असते. २८ अंश सेल्सिअसच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त २७ ग्रॅम बाष्प मावते. आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्यातली २३ ग्रॅम जागा आधीच भरलेली असते. उरली चार ग्रॅम. शिवाय बाष्पीभवनाने केस थोडे गार होतात, त्यामुळे ही उरलेली जागाही पुरती कामी येत नाही. पंखा कितीही जोरात फिरवला तरी तो हीच जवळजवळ भरलेली हवा आणून देतो.

हीच हवा ७० अंशांपर्यंत तापवली तर तिच्यातले बाष्प तेवढेच राहते, पण धारणशक्ती कितीतरी वाढते आणि सापेक्ष आर्द्रता ८५वरून १० टक्क्यांच्या आसपास येते. हवेतून पाण्याचा कणही न काढता ती ‘कोरडी’ झाली! ड्रायरचा खरा चमत्कार असेल तर तो हा. आणि निक्रोमची तार नऊशेच्या ड्रायरमध्ये असो की पस्तीस हजारांच्या, तो दोन्हींत सारखाच घडतो.

मग स्वस्त ड्रायरमध्ये कमी ते काय? ते पंख्यात असते. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१७ ग्रॅम आणि एक ग्रॅम हवेचे तापमान एक अंशाने वाढवायला साधारण एक ज्यूल लागतो. ड्रायर १००० वॅटचा असून सेकंदाला २० लिटर हवा फेकत असेल, तर ती हवा सुमारे ४३ अंशांनी तापेल. २८ची ७१ होईल. पंखा दुबळा असून १० लिटरच हवा फेकत असेल, तर तेवढेच ज्यूल निम्म्या हवेत जातील आणि तापमान ८५ अंशांनी वाढून ११३ होईल. वॅट तेवढेच, वीजबिल तेवढेच. पण एक ड्रायर केस वाळवतो आणि दुसरा भाजतो. हे उदाहरण मुलांना फळ्यावर सोडवायला द्यावे. त्याला एक पुरवणीही आहे: मागची जाळी धुळीने आणि केसांनी निम्मी बुजली, तर चांगल्या ड्रायरचाही दुबळा ड्रायर होतो. नवा ड्रायर घेण्याआधी जुन्याची जाळी एकदा टूथब्रशने साफ करून पाहावी, असे आम्ही उगाच म्हणत नाही.

केस भाजतात म्हणजे काय होते? जोवर केस ओले आहेत, तोवर फारसे काही होत नाही. ओल्या केसावर ७० अंशांची हवा आली तरी बाष्पीभवन केसाला गार ठेवते. आपण वर गृहीत धरलेल्या हवेत ओल्या पृष्ठभागाचे तापमान ३५ अंशांच्या आसपास राहील. प्रयोगशाळेतल्या ओल्या आणि कोरड्या फुग्याच्या तापमापीचे तत्त्व ते हेच. पाणी संपत आले की हे संरक्षण जाते आणि केसाचे तापमान भराभर हवेच्या तापमानाकडे चढते. म्हणजे धोका शेवटच्या मिनिटाचा असतो, आणि नेमकी तेव्हाच आपण ‘अजून जरा’ म्हणून ड्रायर जवळ नेतो. हवा फारच तापलेली असेल, तर केसाच्या आत अडकलेल्या पाण्याची तिथेच वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि केस तिथून तुटतो. त्वचारोगतज्ज्ञांनी असे केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले आहेत.

ड्रायर केसांपासून किती लांब धरावा, याबद्दल २०११ साली कोरियातील संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. केसांच्या बटा धुऊन वेगवेगळ्या अंतरांवरून पुन्हा पुन्हा वाळवल्या. ड्रायर १५ सेंटिमीटरवर धरला तेव्हा तापमान ४७ अंश होते, ५ सेंटिमीटरवर ९५. जवळून वाळवलेल्या केसांचे पृष्ठभाग अधिक खराब झाले, हे अपेक्षितच होते. गंमत अशी की आपोआप वाळू दिलेल्या केसांच्या पेशींमधल्या जोडणाऱ्या थराला इजा झालेली दिसली. बराच वेळ ओले राहणेही केसाला मानवत नसावे. १५ सेंटिमीटर अंतर ठेवून ड्रायर सतत हलवत राहणे त्यांना सर्वांत बरे वाटले. शाळेतली लहान फूटपट्टी बरोबर तेवढी असते.

आता महागड्या ड्रायरची बाजूही नीट मांडली पाहिजे. डायसनच्या ड्रायरमध्ये मोटर डोक्याशी नसून मुठीत आहे, त्यामुळे हाताला भार कमी जाणवतो. बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान सेकंदाला चाळीसहून अधिक वेळा मोजले जाते, असे कंपनी सांगते. हे काम थर्मिस्टर करतो. तापमान बदलले की त्याचा रोध बदलतो आणि त्यावरून तारेचा प्रवाह कमी-जास्त केला जातो. स्वस्त ड्रायरची द्विधातू पट्टी फक्त अतिरेक झाल्यावर जागी होते. थर्मिस्टर अतिरेक होऊच देत नाही. हा फरक खरा आहे.

आणि मोटरचा आवाज ही तर भौतिकशास्त्राच्या शिक्षकांसाठी मेजवानीच. ती मिनिटाला १,१०,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सुमारे १८३३. पंख्याला १३ पाती. प्रत्येक पाते हवेला एक टोला देते, म्हणून आवाजाची वारंवारता १८३३ गुणिले १३, म्हणजे सुमारे २३,८०० हर्ट्झ. माणसाचा कान २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकतो. ११ पाती ठेवली असती, तर हाच सूर २०,००० च्या काठावर आला असता. दोन पाती वाढवून त्यांनी तो ऐकण्याच्या पलीकडे ढकलला. हवेचा सुसाट आवाज उरतोच, पण किणकिणणारी किंचाळी जाते. या कल्पकतेला दाद दिलीच पाहिजे. मात्र दाद देणे वेगळे आणि बारा हप्ते भरणे वेगळे.

महाग आणि मध्यम किमतीच्या ड्रायरवर आणखी एक शब्द झळकतो: ‘आयन’. ड्रायरमधून ऋण प्रभाराचे आयन बाहेर पडतात, ते पाण्याचे थेंब फोडतात आणि केस लवकर वाळतात, असे सांगितले जाते. ऋण प्रभार केसांवरचा स्थितिक विद्युत्प्रभार थोडा घालवू शकेल, हे शक्य आहे. दिल्लीच्या कोरड्या थंडीत कंगव्याने केस उभे राहतात, तिथे त्याचा उपयोग झाला तर झाला. पण मुंबई उपनगरात जुलै महिन्यात कंगव्याने कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग ज्यांनी वर्गात करून पाहिला आहे, त्यांना तो किती वेळा फसतो हे ठाऊक आहे. दमट हवेत प्रभार टिकतच नाही. जो प्रभार नाहीच तो घालवायला पैसे कशाला? थेंब फोडण्याबद्दल एवढेच म्हणता येईल की थेंब फोडला तरी त्याची वाफ करायला तेच २४०० ज्यूल ग्रॅममागे लागणार. टुर्मलिनचा लेप हाही याच घराण्यातला. टुर्मलिनचे तापमान बदलले की त्याच्या टोकांवर प्रभार निर्माण होतो हे खरे. पण जाळीवर दिलेल्या भुकटीने केसांचे पाणी लवकर उडते हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

बाईंच्या मुलीला वेळेपेक्षा केसांचे वळण महत्त्वाचे होते. ड्रायरने सरळ केलेले केस दिवसभर तसे राहावेत, ही तिची अपेक्षा. इथे महाग-स्वस्त दोन्ही ड्रायर एकाच ठिकाणी हरतात. केस केराटिन या प्रथिनाचा असतो. त्याच्या साखळ्यांना धरून ठेवणारे काही बंध गंधकाचे असतात, ते पाण्याने सुटत नाहीत. काही हायड्रोजन बंध असतात, ते पाण्याने सुटतात आणि केस वाळताना, ज्या आकारात केस धरला असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. ड्रायर आणि ब्रश यांचे सगळे काम या दुसऱ्या बंधांवर चालते. जे पाण्याने सुटते ते हवेतल्या पाण्यानेही सुटते. केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषू शकतो, आणि पावसाळ्यातल्या हवेत न भिजताही १५ ते २० टक्क्यांपर्यंत पोचतो. घरातून कडकडीत वाळवून निघालेले केस जिना उतरून स्थानकावर पोचेपर्यंत हवेतून हे पाणी परत घेऊ लागतात. तेव्हा त्या शेवटच्या काही ग्रॅमांसाठी ड्रायर चालवत राहणे म्हणजे वेळ आणि केस दोन्ही खर्ची घालणे. हाताला किंचित दमट लागतात तिथे थांबावे.

यावर विश्वास बसत नसेल तर प्रयोग करावा. १७८३ साली सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने माणसाच्या केसाचा आर्द्रतामापी केला. कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला की केस लांबीने दोन-अडीच टक्के वाढतो. आपल्या वेधशाळांतही केसांच्या जुड्यावर चालणारी, कागदावर आर्द्रतेची रेघ ओढणारी यंत्रे वापरली गेली आहेत. वर्गातल्या लांब वेणीच्या मुलीचा एक गळलेला केस साबणाने धुऊन तेल काढून घ्यावा. त्याचे एक टोक पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला चिकटवावे. झाडूची काडी टाचणीवर फिरेल अशी बसवून केसाचे दुसरे टोक काडीला टाचणीच्या अगदी जवळ बांधावे. काडीचे लांब टोक हा काटा. पाऊस पडताना खिडकीपाशी आणि नंतर ड्रायरच्या गरम झोतात काटा कुठे जातो ते पाहावे. झोत बंद केल्यावर काटा किती वेळात परत फिरतो हे घड्याळ लावून मोजले, की ‘दिवसभर सरळ केस’ या जाहिरातीची परीक्षा मुलांनी स्वतः घेतलेली असेल.

आता ज्या गोष्टीची जाहिरात कोणीच करत नाही, तिच्याकडे येऊ: पंचा. वरच्या हिशेबात १०० ग्रॅम पाणी धरले होते. केस एकदा पुसल्यावर दुसरा कोरडा सुती पंचा घेऊन बटा त्यात दाबून धरल्या आणि आणखी ४० ग्रॅम पाणी टिपले गेले, तर ६० ग्रॅम उरतात. १००० वॅटच्या ड्रायरला त्यासाठी ८ ऐवजी ४.८ मिनिटे लागतील. १६०० वॅटचा ड्रायर आधीच्या केसांना ५ मिनिटे घेत होता! पंचा पाण्याची वाफ करत नाही, नुसते शोषतो; अप्रकट उष्म्याचा खर्चच टळतो. किती ग्रॅम टिपले जाते हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर पंचा आधी आणि नंतर तोलून प्रत्येकीला स्वतःपुरते काढता येईल. केस लांब असतील तेवढा आकडा मोठा. चोळायचे नाही, दाबायचे. ओला केस ताणला की लवकर तुटतो.

विजेचा खर्च पाहायचा तर मुलुंडला महावितरणची वीज, अंधेरी-बोरिवलीला अदानी नाहीतर टाटाची, दर निराळे. पण १२०० वॅटचा ड्रायर ६ मिनिटे चालला तर ०.१२ युनिट जळते, म्हणजे साधारण एक रुपया. त्यात निवड करण्यासारखे काही नाही.

प्लगचा प्रश्न मात्र खराच आहे आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. १६०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ७ अँपिअर. २००० वॅटला जवळपास ८.७. जुन्या इमारतींतल्या एका खोली-स्वयंपाकघराच्या घरात आरसा जिथे असतो तिथला पॉइंट पाच किंवा सहा अँपिअरचा असतो. पंधरा-सोळा अँपिअरचा मोठा पॉइंट गीझरपाशी नाहीतर स्वयंपाकघरात. मग कोणी अडॅप्टर लावून मोठा प्लग लहान पॉइंटमध्ये बसवते आणि पॉइंट तापून काळा पडतो. किंवा गीझरच्या पॉइंटवर, न्हाणीघराच्या दारात, ओल्या पायांनी ड्रायर वापरला जातो, आणि हे पहिल्यापेक्षा वाईट. ड्रायर बटणाने बंद असला तरी प्लग लावलेला असेपर्यंत आतवर वीज पोचलेली असू शकते. बादलीजवळ तो नेऊच नये. १२०० वॅटपर्यंतचा ड्रायर सव्वापाच अँपिअर घेतो; सहा अँपिअरच्या धड पॉइंटवर तो चालतो.

किमतीच्या बदल्यात काय मिळते ते ग्राहकाने तपासून घ्यावे, हा आग्रह मुंबईला नवा नाही. कंझ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया १९६६ साली इथेच सुरू झाली, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली. त्या वळणाने बाईंना आम्ही जे कळवले ते असे. ज्याचे नाव-गाव नाही असा तीनशे-चारशेचा ड्रायर घेऊ नये. त्यात द्विधातू पट्टी आणि औष्णिक फ्यूज असतीलच याची खात्री नसते आणि तेवढ्यासाठी पैसे वाचवण्यात अर्थ नाही. माहितीच्या कंपनीचा, १००० ते १२०० वॅटचा, गार हवेचे बटण असलेला आणि मागची जाळी काढून धुता येणारा ड्रायर हजार-दीड हजारांत मिळतो. दुकानात चालू करून हात १५ सेंटिमीटरवर धरावा. झोत जोरदार आणि हाताला सोसवेल इतपत गरम हवा. चटका बसत असेल आणि झोत मिळमिळीत असेल, तर पंखा दुबळा आहे. पार्लर चालवणाऱ्या बाईचा ड्रायर रोज कित्येक तास चालतो. हलकी मूठ, टिकाऊ मोटर, काबूत राहणारे तापमान यांचे तिचे पैसे वसूल होतात. मनगट दुखणाऱ्यालाही हलका ड्रायर महाग पडत नाही. आठवड्यातून दोनदा न्हाणाऱ्या घराला तो हिशेब लागू पडत नाही.

मुलीने हिशेब पुन्हा स्वतः करून पाहिला आणि वर्गातल्या केसाच्या काट्यासाठी आपला केसही दिला, असे बाईंनी कळवले. ड्रायर त्यांनी १२०० वॅटचा घेतला. पंचे मात्र दोन घेतले.